पाटीचा आठवडा

रविवारी संध्याकाळी बरोबर सहाला खालच्या मजल्यावरचा ब्रून्स जिना चढून आला आणि धम्मदीपाच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी अडकवून गेला. बेल वाजवली नाही, हाक मारली नाही. पाटीवर निळ्या रंगात फावडं काढलेलं होतं. ज्याच्या दारावर ती पाटी, त्याच्याकडे त्या आठवड्याचं बर्फ. सकाळी सातच्या आत पायऱ्या झाडायच्या, फुटपाथ मोकळा करायचा, वर बारीक खडी टाकायची. घरात बिऱ्हाडं दोनच, खाली ब्रून्स आणि वर हे खिल्लारे, त्यामुळे पाटी एक आठवडा खाली आणि एक आठवडा वर अशी येरझारा घालायची.

धम्मदीपाने पाटी आत घेतली नाही, तशीच ठेवली. दार लावताना तिचा उजवा हात मनगटापासून ठणकला. थंडी वाढणार असली की तो आदल्या दिवशी सांगायचा.

गाव लहान, उत्तर जर्मनीच्या सपाट मुलखातलं. टेकडी म्हणून शोधायची तर रेल्वेच्या पुलावर चढावं लागायचं. बीटाची शेतं, कोबीची शेतं, पवनचक्क्या आणि मध्ये वाऱ्याला अडवायला काही नाही. राजानंद, धम्मदीपाचा नवरा, बटाटे काढायच्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होता, म्हणून हे गाव नशिबी आलं. तो सकाळी पावणेसहाच्या पाळीला निघायचा, तेव्हा पाटीचं काम तिच्याकडे. त्याची आई, द्रौपदी, वाशीमकडच्या खेड्यातून लागोपाठ दुसऱ्या हिवाळ्यात तीन महिन्यांसाठी आली होती. मुलगा जुलैत बोलवायचा, पण जुलैत तिची पेरणी असे.

ह्या ब्रून्सचं आणि धम्मदीपाचं वैर आता एक वर्षाचं झालं होतं.

मागच्या जानेवारीत धम्मदीपा गावाबाहेरच्या दूध कारखान्याच्या लॅबमध्ये होती. प्रोबेत्साइट चालू होता, सहा महिने पारखून घेतात तो. पाचवा महिना संपत आला होता आणि त्या दिवशी साहेब पर्मनंटचं बोलणार होता. ती सात वीसला घराबाहेर पडली, पुढच्या दाराच्या पायरीवर पाय ठेवला आणि दुसऱ्या क्षणी खाली होती. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत पट्टी बसवली, सहा स्क्रू. लॅबमध्ये उजवा हात नसलेली बाई काय कामाची? प्रोबेत्साइटमध्ये कारण द्यावं लागत नाही, त्यांनी दिलंही नाही.

तो आठवडा ब्रून्सचा होता. पाटी त्याच्या दारावर होती. पायरीवर काचेसारखा बर्फ होता हे तिच्या हाडांनी पाहिलं होतं. पण फरमीटर, म्हणजे घरमालक, चौकशीला आला तेव्हा ब्रून्स पायरीवर ताठ उभा राहून म्हणाला, "साडेसहाला मी खडी टाकली होती. दगड कोरडा होता." बस्स, एवढंच. चाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढलेला माणूस, त्याने वेळ सांगितली की घड्याळाने सांगितल्यासारखं. धम्मदीपाने हात गळ्यात बांधलेल्या अवस्थेत त्याला फरमीटरसमोर खोटारडा म्हटलं, जर्मनमध्ये, स्पष्ट. ब्रून्सचे कान लाल झाले. फरमीटरने दोघांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि गाडीत बसून गेला.

तेव्हापासून तिच्या मनात ती गोष्ट रोज शिजत होती. भाजी चिरताना सुरी निसटली की ब्रून्स. बरणीचं झाकण उघडेना की ब्रून्स. राजानंद म्हणायचा, सोड आता, म्हातारा आहे. ती म्हणायची, म्हातारा आहे म्हणून काय खोटं बोलायची सूट आहे का? मग तो गप्प बसायचा, आणि त्याचं गप्प बसणंही तिला ब्रून्सच्या खात्यावरच टाकावंसं वाटायचं.

सोमवारी बर्फ थोडाच पडला, पिठासारखा. तिने साडेसहाला झाडलं. वर येऊन चहा ठेवते तोच खालून ठकठक ऐकू आली. पुढच्या खिडकीतून पाहिलं तर ब्रून्स फुटपाथवर उभा होता आणि बुटाच्या टाचेने कुंपणालगत एक रेघ ओढत होता. वीतभर पट्टा तिच्या हातून राहिला होता. त्याने वर खिडकीकडे पाहिलं नाही. ती पाहतेय हे त्याला माहीत होतं.

मंगळवारी घोटाभर पडला. हात वाकत नव्हता, म्हणून तिने फावडं डाव्या हातात धरलं आणि दांडा उजव्या काखेत दाबून ढकललं. बर्फ ओला आणि जड होता, चार ढकलण्यांत पाठ भरून आली. नाकातून पाणी, पापण्यांवर पाणी. पायऱ्या झाल्या, फुटपाथ झाला, मग बाजूची वाट राहिली. ही वाट ब्रून्सच्या स्वयंपाकघराच्या दारापासून फाटकापर्यंत जायची आणि रोज सव्वासातला तो तिथूनच बेकरीत ब्रेड आणायला निघायचा. आजवर ती वाट तोच करायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही. पण शरदात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि फरमीटरने खिल्लाऱ्यांना चिठ्ठी लिहून विनंती केली की तुमच्या आठवड्यात तीही करा.

म्हणजे ज्याने हात मोडला त्याच्या पायाखालची वाट ह्या मोडक्या हाताने झाडायची. तिने झाडली. खडी टाकली. दाराशी त्याची लाल बादली होती, खडीने भरलेली, वर पत्र्याचा डाव, ऐनवेळी लागली तर हाताशी असावी म्हणून.

सव्वासातला तो बाहेर आला. काठी नव्हती, काठीची त्याला लाज वाटायची. त्याने वाट पाहिली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि तिच्या देखत, ती अजून फावडं घेऊन उभी असताना, झाडलेली वाट पुन्हा पहिल्यापासून झाडली. रस्त्यावरून सायकलवर जाणारी बाई क्षणभर थांबून बघून गेली.

"फ्राउ किलारे," तो म्हणाला, खिल्लारेबाई त्याच्या तोंडी अशाच यायच्या, "कडेला, म्हणजे, कडेला नेहमी राहतं."

वर येऊन तिने हात कोमट पाण्यात धरला. द्रौपदी शेजारी येऊन बसली. रोजच्यासारखं तिने तिळाचं तेल वाटीत गरम केलं आणि सुनेचं मनगट आपल्या मांडीवर घेऊन अंगठ्याने चोळू लागली. मागचं सगळं वर्ष हा हात असाच चोळला गेला होता, इथे असेपर्यंत द्रौपदीने, ती गेल्यावर राजानंदने.

"तो बुढा काहून झाडत व्हता तुझं झाडलेलं?" द्रौपदीने विचारलं.

"मला दाखवायला, आई."

"देव त्याचं बरं नाही करणार," म्हातारी म्हणाली. मग तिने जीभ चावली, कारण ह्या घरात देवाचं नाव चालत नसे. "बरं नाही होणार त्याचं," तिने दुरुस्त केलं आणि अंगठा जरा जोरात दाबला.

बुधवारी दुपारी वारा फिरला. पागोळ्या लागल्या, छपरावरून पाणी ठिबकू लागलं. बाजूच्या वाटेवर पन्हाळीचा सांधा गळायचा, तिथे अख्ख्या वाटेवर पाणी पसरलं. मोबाइलवर अंदाज आला, रात्रीतून आभाळ मोकळं, पहाटे उणे नऊ.

धम्मदीपा खिडकीशी उभी राहून ते पाणी बघत राहिली. आणि एक वर्षभर जी गोष्ट नुसती शिजत होती ती त्या क्षणी तयार झाली. पहाटे ही वाट आरसा होणार. फुटपाथ आणि पुढच्या पायऱ्या ती अशा करील की बोट ठेवायला जागा राहणार नाही, फोटो काढील, त्यावर वेळ असेल. बाजूची वाट? फरमीटरच्या चिठ्ठीत विनंती होती, पाटीच्या नियमांत ती वाट कुठेच नव्हती. विसरले, म्हणेन. तो उभा राहून वेळ सांगेल तशी मीही सांगेन.

पण ब्रून्स शहाणा होता. बर्फ दिसला की तो दारातूनच बादलीतली खडी टाकणार. म्हणून चार वाजता, तो आत रेडिओ ऐकत असताना, ती कचरा टाकायच्या निमित्ताने खाली गेली आणि लाल बादली उचलून तळघरात आपल्या कपाटामागे ठेवून आली. डाव्या हाताने उचलली. जिना चढताना छातीत धडधडत होतं, आणि खरं सांगायचं तर ते धडधडणं तिला आवडत होतं. बऱ्याच दिवसांनी भूक लागली. संध्याकाळी ती तीन भाकरी जेवली.

राजानंदला तिने काही सांगितलं नाही. त्याला वाटलं, उद्याच्या मुलाखतीचा उत्साह आहे. कारण गुरुवारी दहाला तिची मुलाखत होती, तीस किलोमीटरवरच्या बियाणांच्या संशोधन केंद्रात. एक वर्षानंतरचं पहिलं बोलावणं. आठ वीसची गाडी होती.

गुरुवारी ती साडेपाचला उठली. बाहेर सगळं कडक झालं होतं. कुंपणाची जाळी, कारच्या काचा, कालच्या पायांचे ठसेसुद्धा दगडासारखे. तिने पुढच्या तीन पायऱ्या खरवडून कोरड्या केल्या, त्यावर खडी टाकली, हाताने पसरली. फुटपाथ कुंपणापर्यंत केला, वीतभर काय बोटभरही सोडलं नाही. सहा चाळीसला चार फोटो काढले. पायरी कोरडी, खडी टाकलेली, स्वच्छ दिसत होती. बाजूच्या वाटेकडे तिने एकदाच पाहिलं. दिव्याखाली ती चकाकत होती, दारापासून फाटकापर्यंत एकसंध.

वर येऊन तिने अंघोळ केली, साडी नको म्हणून पँट-कोट घातला, केस बांधले. सात दहाला ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. ह्या खिडकीतून फक्त बाजूची वाट दिसते. दिवा बंद ठेवला. मागे द्रौपदीची चाहूल लागत होती, नळ सुटला, बंद झाला, बाहेरचं दार वाजलं. म्हातारी पेपर आणायला गेली असेल असं तिला वाटलं, किंवा काहीच वाटलं नाही. तिचे डोळे खाली होते.

सव्वासातला दार उघडलं. ब्रून्स आला, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. उंबऱ्यातच थांबला. वाट पाहिली. उजवीकडे बादलीच्या जागी हात नेला, हात रिकामाच खाली आला. तो वाकला, दाराच्या मागे पाहिलं, पुन्हा बाहेर पाहिलं. बुटाची टाच बर्फावर टेकवून पाहिली आणि मागे घेतली.

ठेव पाय, ती मनात म्हणाली. ठेव ना.

त्याने दार लावून घेतलं.

तिच्या तोंडून शिवी गेली, मराठीतली, हळू. वर्षभराचं सगळं एका टाचेवरून परत गेलं होतं. आज बेकरीत नाही गेला की शिळा ब्रेड खाईल, आणखी काय होणार त्याचं?

"दीपा," मागून द्रौपदी म्हणाली. तिच्या हातात रिकामा तांब्या होता आणि लुगड्याचा काठ ओला झाला होता. चेहरा थंडीने लाल, पण खुशीत होती. "सडा टाकून आली मी. आता सुखानं जाय."

"कुठे टाकलात?"

"दारात. खाली, पायऱ्यांवर. अंगण नाही इथं, राजू मले रोज टाकू देत नाही. पण घरातली बाई चांगल्या कामाला निघाली अन् दार कोरडं, हे बरं दिसते का? मांगच्या साली टाकला व्हता ना, तुझं पर्मनंटचं व्हतं तवा. गपचूप टाकला व्हता, तू न्हाणीत व्हती. उंबऱ्यात उभी राहून टाकला, चांगला दोन तांबे."

धम्मदीपाने तिच्याकडे पाहिलं. म्हातारीच्या कपाळावर, डोळ्यांत, कुठेही काही नव्हतं. वाशीमच्या अंगणात टाकलेलं पाणी मातीत जिरतं, त्याचा वास येतो, त्यावर रांगोळी पडते. ते दहा मिनिटांत काच होतं हे त्या बाईने जन्मात कधी पाहिलं नव्हतं, आणि दोन हिवाळ्यांत तिला कोणी सांगितलं नव्हतं.

साडेसहाला मी खडी टाकली होती. दगड कोरडा होता.

खाली जिन्यातलं दार उघडल्याचा आवाज आला. ब्रून्सच्या बिऱ्हाडाचं दुसरं दार, जिन्यात उघडणारं. बाहेर जायला ते तो कधी वापरत नसे. धम्मदीपा धावली. ओरडायचं होतं, पण कोणत्या भाषेत ओरडायचं हेच सुचेना. ती पहिल्या वळणावर होती तेव्हा पुढचं दार उघडून थंड हवा वर आली आणि लगेच तो आवाज झाला. पोतं पडल्यासारखा. मग काहीच नाही.

तो तिसऱ्या पायरीखाली एका कुशीवर पडला होता. टोपी फुटपाथवर गेली होती. एक पाय नको तिथे वळला होता. तिने टाकलेली खडी पाण्याच्या पातळ कवचाखाली दिसत होती, एकेक खडा स्वच्छ, जणू बरणीत ठेवल्यासारखा. ती कठड्याला धरून खाली उतरली, कोट काढून त्याच्या अंगावर टाकला, ॲम्ब्युलन्सला फोन केला. त्याचे डोळे उघडे होते.

"बाजूला बर्फ होता," तो म्हणाला. श्वास तुटत होता. "मी म्हटलं, समोरून जावं. समोर तुम्ही केलंय. सकाळी खिडकीतून पाहिलं मी. कडेपर्यंत केलं होतं तुम्ही."

ॲम्ब्युलन्समधल्या माणसाने स्ट्रेचर उचलताना सहज विचारलं, आज काम कोणाचं होतं?

"माझं," धम्मदीपा म्हणाली. "साडेसहाला मी खडी टाकली होती. दगड कोरडा होता." वाक्य संपल्यावर तिने ते ऐकलं. ब्रून्सनेही ऐकलं. स्ट्रेचरवरून त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि मग डोळे मिटले.

ती आठ वीसच्या गाडीने गेली. कशी गेली ते तिला नंतर आठवेना. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी हात पाहायला मागितला, बोटं उघडझाप करायला लावली आणि म्हणाल्या, आमच्याकडे पिपेट डाव्या हाताचीही आहे. शुक्रवारी दुपारी फोन आला. एक मार्चपासून या.

द्रौपदीने साखर वाटली, म्हणजे राजानंदच्या आणि सुनेच्या तोंडात घातली, वाटायला तिसरं कोण होतं. "सडा लागला," ती म्हणाली. "अन् त्या बुढ्याचंही झालं ते बरं झालं. तुझा हात गेला, त्याची तंगडी गेली. फिटलं."

राजानंद आईला म्हणाला, असं बोलू नये. म्हातारीवर तोंड टाकावं असं धम्मदीपाला वाटलं, अगदी ओठांवर आलं. तुम्ही, आई. तुम्ही पाडलंत मला, माझं वर्ष तुम्ही ओतलंत त्या तांब्यातून. मागच्या वर्षभराचा सगळा राग घर शोधत फिरत होता आणि आता त्याला खरा पत्ता मिळाला होता. पण द्रौपदी तोवर तेलाची वाटी गॅसवर ठेवून आली होती आणि तिने सुनेचा हात मांडीवर घेतला होता. तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता, खुरप्याचा जुना, त्याच्या शेजारी हा नवा. धम्मदीपाने हात तिच्याकडे राहू दिला.

"आई," ती म्हणाली, "इथे दारात पाणी टाकायचं नाही. घरमालकाचा नियम आहे."

"तसं आधीच सांगायचं ना," द्रौपदी म्हणाली.

शनिवारी ती बस धरून हॉस्पिटलात गेली. ब्रून्सच्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं, आदल्या दिवशी ऑपरेशन झालं होतं. दाढी वाढलेला तो आणखी म्हातारा दिसत होता. तिने संत्री आणली होती ती टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सांगून टाकलं, तिला बसून जमलं नसतं. पायरीवर पाणी टाकलं होतं. खडी टाकल्यानंतर. आमच्याकडे चांगल्या कामाच्या दिवशी दारात पाणी शिंपडतात. मागच्या वर्षीही टाकलं होतं, मी पडले त्या दिवशी. तुम्ही खरं बोलत होतात.

"कोणी टाकलं?" ब्रून्सने विचारलं.

तिने म्हातारीचा अंगठा आठवला. "मी," ती म्हणाली.

त्याने छताकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही स्वतः पाणी टाकलंत आणि स्वतः पडलात."

"हो."

"आणि मला खोटारडा म्हणालात."

"हो."

"एक वर्ष," तो म्हणाला. "फरमीटर भेटला की हसतो. काही बोलत नाही, नुसता हसतो. चाळीस वर्षांत माझी एक नोंद चुकली नाही." मग त्याने हात लांब करून टेबलाच्या खणातून कागद आणि पेन काढलं. "लिहून द्या. तारीख घाला. दोन्ही तारखा."

तिने लिहिलं. उजव्या हाताने, हळू, कारण जोडाक्षरं नसली तरी जर्मन शब्द लांब असतात आणि मनगट तिसऱ्या ओळीला भरून आलं. खाली सही केली, पूर्ण नाव. ह्या कागदाचं तो काय करणार हे तिला माहीत होतं. फरमीटर, विमा, कदाचित वकील. गावात हसतील, भारतातली बाई उणे नऊमध्ये पायरी धुते म्हणून. हसू देत. तिला वाटलं आता मोकळं वाटेल.

ब्रून्सने चष्मा लावून कागद वाचला. एकदा पूर्ण वाचला, मग बोट ठेवून पुन्हा वाचला. चेहरा हलला नाही.

"गेनाऊ," तो म्हणाला. "हे बरोबर आहे. आणि माझी बादली?"

तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर सपाट शेतांवर पुन्हा बर्फ पडायला लागला होता, आणि उद्या संध्याकाळी सहाला पाटी त्याच्या दारावर अडकवायची होती, जिथे कोणी नसणार होतं.

"ती बुधवारी दुपारी होती," ब्रून्स म्हणाला. "तीन वाजता मी पाहिली होती. गुरुवारी सव्वासातला नव्हती."

त्याने कागद चादरीवरून तिच्याकडे परत सरकवला. खाली चार-पाच ओळींची जागा शिल्लक होती. धम्मदीपाने खुर्ची ओढली, बसली, आणि पेन उचललं.